हाडातलं दूध

प्रश्न विचारला की टेस्टरमामा आधी ती वस्तू हातात घ्यायचे. साबणाला फेस कशानं येतो म्हटलं की वडी बोटांत घोळवायचे, लोखंड का गंजतं म्हटलं की खिळा उन्हात धरून बघायचे, आणि मगच बोलायचे. वस्तू हाताशी नसेल तर म्हणायचे, "उद्या घिऊन या, मंग सांगतो." चंद्राबद्दल विचारणाऱ्यालाही हेच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

केज तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा दूध सोसायटी होती. दुधात फॅट किती ते काढायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून ते टेस्टर, आणि वयानं मोठे म्हणून मामा. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांना तपासणीच्या ॲसिडची बारीक भोकं पडलेली असायची. कॉलेजात दोन वर्षं विज्ञान शिकून घरच्या अडचणीनं परत आलेला माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. सोसायटीच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे.

मी नवीन लग्न होऊन आले होते. किटली घेऊन रांगेत उभी राहायचे, कुणाशी बोलायचे नाही. एकदा धीर करून विचारलं, "मामा, दूध उतू जातं, मग पाणी कावून उतू जात न्हाई?" रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. मामा मात्र फॅट तपासायचं यंत्र फिरवता फिरवता थांबले. चहासाठी तापवून ठेवलेल्या दुधावरची साय त्यांनी काडीनं उचलून दाखवली. "ही बघ सूनबाई. तापलं की हिचं झाकण बसतं. खालची वाफ अडकती, मंग झाकणासकट वर येती. पाण्याला झाकणच न्हाई, त्याची वाफ सुटून जाती." मग हसणाऱ्या बायकांकडे वळून म्हणाले, "हिनं इचारलं म्हणून तुमाला बी कळलं." सासरी आल्यापासून माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं माणूस.

सोसायटीच्या भिंतीवर फळा होता. त्यावर रोजचं फॅट लिहून झालं की खाली ते एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

पुढं काही वर्षांनी, मला पोरगी झाल्यावर, सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. हिरवा चारा संपत आलाय हे मामांनी दुधातच ओळखलं. गाईचं दूध पिवळसर असतं ते हिरव्या चाऱ्यातल्या रंगामुळं, असं त्यांनी पूर्वी फळ्यावर लिहिलं होतं. त्या हिवाळ्यात ते प्रत्येक गाईचं दूध परीक्षानळीत घेऊन उजेडात धरायचे आणि खाली ठेवायचे. सगळ्यांचं दूध पांढरंफेक होत चाललं होतं.

उन्हाळ्यात टँकर चार दिवसांआड येऊ लागला. दुधाच्या रांगेत कुणीतरी विचारलं, माठातलं पाणी गार का लागतं. मामांनी सांगितलं, माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार लागतं. एक म्हातारी लगेच म्हणाली, "म्हंजी आमचं पाणी रोज उडून जातंय व्हय?" खोटं सांगणं मामांना जमायचं नाही. "थोडं जातं, मावशी." दुसऱ्या दिवसापासून घराघरातले माठ पालथे पडले आणि पाणी स्टीलच्या हंड्यांत गेलं. तो सगळा उन्हाळा आमची वस्ती कोमट पाणी प्यायली. मामांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिलाच नाही.

चारा म्हणून उसाचे वाढे यायचे, म्हणजे उसाचे वरचे हिरवे शेंडे. जनावरं तेवढंच खायची. मामा दारोदार सांगत फिरले, की नुसत्या वाढ्यांनी जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा. काहींनी केलं, बरेच जण विसरले. माझ्या म्हशीला मी निवळी दिली, पण ती फार उशिरा. विऊन तिला दीड महिना झाला होता आणि ती उठताना थरथरायला लागली होती. मामांनी तिच्या पाठीवरून, मागच्या फऱ्यावरून हात फिरवला.

"सूनबाई, ही हाडातनं दूध द्यायलीय. पिळणं बंद कर."

"बंद करून कसं भागंल मामा? रेडकू हाय, घरात पोरगी हाय, दुसरं काय हाय घरात?"

"ठाऊक हाय. तरी बंद कर."

मी केलं नाही. आज, उद्या करत आठ दिवस पिळत राहिले. नवव्या दिवशी म्हैस बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आले, शिरेतून औषध दिलं, पण वेळ गेली होती. ती ओढून नेली तेव्हा मामा गोठ्याच्या दाराशी उभे होते. माझा सगळा संताप त्यांच्यावरच निघाला. "तुमाला सगळं ठाऊक असतं. ठाऊक होतं तर मग तुमी कायबी केलं कावून न्हाई?"

त्यांनी दावं उचलून हातात घेतलं. मला वाटलं, आता उत्तर देतील. बराच वेळ ते दाव्याची गाठ चाचपत राहिले, मग दावं खुंटीला अडकवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नुसतं फॅट होतं. पुढच्या महिन्यात दुधाची गाडी येणं थांबलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. मामा गाव सोडून गेले तेव्हा मी भेटायला गेले नाही.

तीन वर्षांनी पोरीच्या दाखल्यासाठी बीडला गेले होते. एका क्लासच्या फाटकाशी खाकी कपड्यांत मामा दिसले. पहारेकरी झाले होते. मी पाया पडले आणि म्हणाले, "मामा, म्हशीचं माझ्यामुळं झालं. तुमाला उगंच बोलले."

"उगंच न्हाई," ते म्हणाले. "बरोबर इचारलंस. मी लई इचार केला त्याचा. उत्तर न्हाई सापडलं."

"इथं पोरं काय इचारतेत का तुमाला?"

"इचारतेत की. गाडी कुठं लावू, सर कवा येणार." एवढं बोलून ते एका मोटारसायकलीला वाट करून द्यायला गेले. मी थोडा वेळ थांबले, पण पोरं येतच राहिली, आणि माझी गाडी सुटायची वेळ झाली होती.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी मामा वारले. त्या वर्षी पाऊस बरा झाला, पण सोसायटी उघडली नाही, आणि मी पुन्हा म्हैस बांधली नाही. मला अजून प्रश्न पडतात. मांजरीचे डोळे अंधारात का चमकतात, कांदा चिरताना पाणी का येतं. पोरगी म्हणते, मोबाइलवर बघ, सगळं असतं. असेल. मी बघत नाही.