फळ्यावरचा अठ्ठ्याहत्तर

या धाग्यावरचे बरेच अनुभव वाचले. कुणाला पिंपळाखाली कोण दिसलं, कुणाच्या बंद खोलीत कोण खोकलं... कुणालाही खोटं पाडायचं नाही, पण माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आणि विचाराल तर आजही फारसा नाही. मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो. आमच्याकडे पार्ट मापात असतो, नाहीतर स्क्रॅपमध्ये जातो. मधलं काही नाही. ही एक गोष्ट मात्र इतकी वर्षं कुठेच बसत नाहीये, म्हणून लिहितोय.

आम्ही फरीदाबादचे. म्हणजे नाना – माझे वडील – केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात दिल्लीला आले, रिटायर झाले आणि फरीदाबादेत घर घेऊन राहिले. आकडे हीच त्यांची नोकरी आणि तेच व्यसन. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मांडवाच्या दाराशी एक काळा फळा असायचा. नाना त्यावर रोज एक अंकमालिका लिहायचे. पुढचा आकडा ओळखायचा. ओरडून सांगायचं नाही, नानांच्या कानात सांगायचं. जो पहिला बरोबर, त्याच्या हातात संध्याकाळच्या आरतीचं ताट. या ताटासाठी चांगली सुशिक्षित माणसं दिवसभर फळ्यापाशी डोकं खाजवत उभी राहायची. मालिका नाना कधीच कागदावर लिहीत नसत. डोक्यातून थेट फळ्यावर.

त्या वर्षी उन्हाळ्यात नानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतंय हे सांगता येत नाही, फार आशा ठेवू नका. आईने एकटीने सगळं केलं आणि तिची कंबर धरली. मी पहाटे कंपनीच्या बसने जाणार, अंधार पडल्यावर येणार. शेवटी गुडगावला एक सेंटर बघितलं. चोवीस तास नर्स, फिजिओ, सगळं. सोमवारी अॅम्ब्युलन्स यायची ठरली.

आईचा याला साफ नकार होता.

"त्यांना कळतं रे सगळं. परक्या जागी नेऊन ठेवलंस तर झुरून जातील."

"आई, कळत असतं तर इतक्या दिवसांत एखादी खूण केली असती ना? बिल्कुल काही नाही."

"ते काय तुझ्या कारखान्यातला पार्ट आहेत, टेस्ट करून बघायला?" एवढंच बोलून ती आत गेली. मला राग आला होता. तिचं प्रेम मला दिसत होतं, पण तिची वाकलेली पाठही दिसत होती.

सोमवारच्या आधीचा शनिवार, मला सुट्टी. गणपती बसलेले, आणि मंडळाने फळा माझ्या गळ्यात घातला होता. नानांचा मुलगा, म्हणजे जमेलच... असा त्यांचा हिशोब. आदल्या रात्री मानेसरहून येताना बसमध्ये मी एक मालिका मनात जुळवली होती. कुणाला सांगितली नाही, कुठे लिहिली नाही. नानांचीच पद्धत. दुपारी मांडवात जाऊन फळ्यावर लिहिली:

९०, ७, ८६, ८, ७६, ११, ६६, १६, ?

यात खरं तर दोन मालिका आहेत, एक आकडा सोडून एक वाचायच्या. लिहिताना मंडपवाल्याशी हिंदीत वाद चालला होता, भैया, पंखा इधर लगाओ, वगैरे. खडू ठेवून हात झटकतोय, तोच आईचा फोन. तिला नीट बोलताच येत नव्हतं.

"घरी ये. हे बोलले."

घर दुसऱ्या सेक्टरमध्ये. स्कूटरवरून कसा गेलो आठवत नाही. नाना उशीला टेकून बसले होते आणि चिडलेले होते. हो, चिडलेले. डावा हात हवेत आडवा फिरवत होते, पुन्हा पुन्हा, काहीतरी पुसल्यासारखा. माझ्याकडे बघून स्वच्छ म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर."

"नाना, काय अठ्ठ्याहत्तर?"

"अठ्ठ्याहत्तर," पुन्हा तेच. मग थकून डोळे मिटले. माझी मुलगी दारात उभी होती. दिल्लीकडे वाढलेली पोर, तिने हळूच विचारलं, "बाबा, हे म्हणजे सेव्हंटी-एट ना?"

आई रडत होती. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ऐसा हो जाता है, कोई पुराना शब्द निकल आता है. ज़्यादा मतलब मत निकालिए." मला पटलं. तरी हा आकडा कशाचा? वय? नाही, सत्तरीच्या अलीकडे होते. घराचा नंबर, ऑफिसची खोली, बसचा नंबर... आईने सगळं आठवून पाहिलं, काहीच जुळेना. "आई, एक शब्द आलाय. चांगलंच आहे. पण सोमवारचं ठरलंय ते ठरलंय," मी म्हणालो.

संध्याकाळी मांडवात गेलो तर फळ्यापाशी देशपांडे काकू उभ्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या.

"अरे, तुझी मालिका चुकलीय. नव्वदातून चार गेले, शहाऐंशी. मग दहा गेले, मग परत दहा? याला काही नियम आहे का?"

"असं कसं? चार, आठ, बारा असे कमी होतात..." म्हणत मी फळ्याकडे बघितलं. शहाऐंशीतून आठ गेले की राहतात...

मी खुर्ची ओढून बसलो. काकूंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं. मग उठून शहात्तर पुसला, ७८ लिहिला. काकूंनी लगेच कानात "पन्नास" सांगितलं आणि ताट त्यांना मिळालं.

आता तुमचे प्रश्न. मांडवातून कुणी कळवलं? तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, आणि चूक झालीय हे मलाच माहीत नव्हतं. मी झोपेत मालिका बडबडलो असेन? समजा बडबडलो. पण मी फळ्यावर ती चुकीची लिहिणार, आणि नेमकी कुठे चुकणार, हे कुठून कळलं? योगायोग? म्हणा. मीही म्हणून बघतो.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती नानांना पेज भरवत होती. तिने चमचासुद्धा थांबवला नाही. "मग? मी काय सांगत होते इतके दिवस?"

अॅम्ब्युलन्स रद्द केली, घरातच एक बाई ठेवली. नाना पुढे दोनेक वर्षं होते. एकही शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून मुद्दाम चुकीच्या मालिका म्हणून पाहिल्या, शेवटी क्वालिटीचा माणूस. ते छताकडे बघत राहायचे. गेले तेही आईच्या डोळ्यांसमोर, आपल्या पलंगावर.

स्पष्टीकरण आजही नाही, आणि ते मिळेल असं वाटतही नाही. मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. सेंटरची सगळी बोलणी मी नानांच्या खोलीतच केली होती, त्यांच्या पलंगाला टेकून, मोठ्याने. "आता यांच्यात राहिलंय काय," असंसुद्धा एकदा म्हणालो होतो. दुसऱ्या सेक्टरमधल्या फळ्यावरची चूक ज्यांना कळली, त्यांना हे ऐकू आलं नसेल, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?