मधला खांब

वरसाव्याच्या लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर चारी बाजूंनी उघडी अशी लाकडी शेड उभारायची होती. नकाशा मी काढला होता. खड्डे खणायला घेतले, तेव्हा शेड बांधायला घेतलेला गावातला एक म्हातारा सुतार पुढच्या बाजूच्या मधल्या खुणेवर पाय रोवून उभा राहिला. माझा नकाशा त्याने घडी करून बनियनमध्ये खोचला होता.

"हितं खांब न्हाय बसनार."

"काका, खांब नसेल तर छप्पर वाकेल," मी चिडून म्हणालो.

वाद न घालता त्याने हमालांना हाक मारली. आवारातला सगळ्यात लांब ओंडका खांद्यावर घेऊन मशीनकडे जायला सांगितलं. चौघे वळले आणि ओंडक्याचं टोक बरोबर त्याच्या छातीला येऊन टेकलं. म्हातारा तसूभरही हलला नाही. ओझ्याखाली हमालांचे पाय लटपटत होते.

"छपराचं मी बघतो, साहेब. जाड तुळई टाकीन. पन ह्यांनी फिरायचं कसं?"

मी त्याच्याकडून नकाशा मागून घेतला आणि त्यावरचा मधला खांब खोडला.

शेड अजून उभी आहे. तो सुतार मला पुन्हा भेटला नाही. आता मात्र कुठलाही नकाशा काढताना मी आधी ओझं घेतलेली माणसं काढतो. खांब त्यांच्यानंतर.