मुन्नारची हवा

माझ्या बाबांनी भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका कापड कारखान्यात चौतीस वर्षं लूमवर काम केलं. गूळ खाल्ला की छातीतली सुताची धूळ उतरते, हा लूमवाल्यांचा पक्का समज. आमच्या घरात औषधाच्या आधी गूळ यायचा. शिफ्ट संपवून आलेल्या बाबांच्या हातावर तो खडा मीच ठेवायचे. शाळेत विज्ञानात माझा पहिला नंबर असायचा, तरी मला कधी शंका आली नाही. हुशारीचे असे दिवे लावलेत मी.

काम सुटलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. जिना चढताना बाबा दर तिसऱ्या पायरीला थांबू लागले. गुळाने भागेना, तेव्हा दुसरा समज पुढे आला. थंड डोंगरावर आठ दिवस काढले की छाती मोकळी होते म्हणे. कुणीतरी मुन्नारचं नाव काढलं. चहाचे मळे, गार वारा, ना धूर ना धूळ. बाबांनी ध्यासच घेतला. "एकदा तिकडं जाऊन आलो ना, मग बघ, पार खारबाव गावापर्यंत चालत जाईन," असं येईल-जाईल त्याला सांगायचे. मी ऑफिसातून रजा काढली आणि आम्ही दोघं निघालो.

बस घाट चढत होती तसे बाबा गप्प होत गेले. मला वाटलं, प्रवासाने दमले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळ्याच्या कडेला गेलो. सगळा डोंगर विंचरून ठेवल्यासारखा हिरवागार. बाबांनी मफलर सोडला, डोळे मिटले आणि तोंड उघडून जोरात श्वास घेतला. तो आत गेलाच नाही. पुन्हा घेतला. मग ते बांधावर बसले. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. चहा खुडणारी एक बाई टोपली टाकून धावत आली आणि त्यांची पाठ चोळू लागली. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला. समोरचा तो हिरवा डोंगर बघून मला इतका संताप आला!

तिथला डॉक्टर इंग्रजीत माझ्यावर खेकसला. "फुप्फुसं एवढी खराब झालेल्या माणसाला इतक्या उंचावर कोण आणतं? इथे हवा विरळ असते. आजच खाली न्या." आठ दिवसांसाठी गेलेलो आम्ही त्याच दुपारी घाट उतरलो.

भिवंडीला परतल्यावर बाबा लोकांना सांगू लागले, "काय हवा हाय तिकडं! छाती अशी मोकळी झाली." मी ऐकून घेतलं. सांगू देत म्हटलं, कुणाचं काय जातंय?

मग एका रविवारी चाचा आले. उत्तर प्रदेशातले, वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या लूमवर होते. खोकलाही तोच. बाबांनी त्यांनाही मुन्नारचं वर्णन रंगवून सांगितलं. चाचांचा चेहरा उजळला. मुलाला आजच तिकिटं काढायला सांगतो म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बेटी, सच में फरक पड़ता है क्या?"

बाबा माझ्याकडे बघत होते. गप्प बस, असं ते डोळ्यांनी सांगत होते, मला ते स्वच्छ दिसत होतं.

"नहीं चाचा. आप मत जाना. वहाँ इनकी साँस रुकने लगी थी."

चाचांनी चहा अर्धा टाकला आणि ते उठून गेले.

"यवढं कळतंय तुला," बाबा म्हणाले, "मग मला कशाला नेलंस?"

मुन्नारला निघण्याआधी बाबांच्या इथल्या डॉक्टरांना विचारायचं मला सुचलं होतं. मी मुद्दाम विचारलं नाही. डॉक्टर नको म्हणाले असते, आणि मग बाबांसाठी करण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नसतं.