वाम बाजारातून येत नव्हती

तिला बिचारी म्हणायचं नाही.

आत्याबाई गेली तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर तेच चालू आहे. बिचारी सुटली. बिचारीनं आयुष्यात पाहिलंच काय.

आज तिची तेरवी झाली. आता मी बोलते. ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल अनफ्रेंड करावं.

माझी आत्याबाई, म्हणजे बाबांची मोठी बहीण, मासे मारायची.

गरी, म्हणजे गळ, टाकून. वैनगंगेच्या काठावर, पातळ खोचून, खडकावर बसून. हातमागावर साड्या विणणाऱ्या घरची बाई. आणि तिला ते भयंकर आवडायचं. पोटासाठी नाही, मजबुरी नाही. आवडायचं!

नवऱ्यानं दुसरी आणली तशी ही ट्रंक उचलून तुमसरला माहेरी आली. त्याच सुमारास गोंदिया वेगळा जिल्हा झाला. सगळे चर्चा करत होते, आता भंडाऱ्याचं कसं होणार.

ही म्हणाली, "बरं झालं बाप्पा. सासर जिल्ह्याबाहेर गेलं."

दुपारपर्यंत माग. मग नदी.

गरीला लावायला खेकडे लागायचे. ते ती धानाच्या बांधीच्या धुऱ्यातून, म्हणजे शेताच्या बांधातून, काढायची. बिळात सरळ हात घालून.

एकदा एक शेतकरी ओरडत आला. "ओ बाई, धुरा कायले फोडता?"

हिनं खेकडा त्याच्या नाकासमोर धरला. "धुरा हा फोडते. मी याले घेऊन चालली. पाणी तुझं वाचलं, अन् बोंबलून तूच राहिला?"

पुढं तोच हाक मारून बोलवायचा, आमच्याकडे लय झाले बाई, घेऊन जा.

खेकड्याची पाठ काढायची, आतला मऊ भाग गरीला लावायचा आणि वरून कोशाच्या धाग्याचे वेढे द्यायचे. साडी विणून उरलेला धागा. बारीक मासोळ्या टोचून टोचून थकायच्या, पण खेकडा सुटायचा नाही.

वरून धरणाचं पाणी सोडलं की नदी काठावर चढायची. ते उतरायला लागलं की ही घरातून निघालीच. "आता वाम काठाले येते," म्हणायची. वाम म्हणजे सापासारखी लांब मासोळी.

काठावर बाकी सगळे पुरुषच. बाई बसली की मासा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मासोळीले काय मालूम, गरी बाईची हाय का माणसाची?"

एवढं बोलून ती त्यांच्या मधोमध जाऊन बसली. आणि लागली की वाम! हातभर.

आता घरातलं सांगते. बाबा, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे. वाचा.

बाबांचं साड्यांचं दुकान. समाजात नाव. नदीवरच्यांना माहीत असलं तरी, आपल्या घरची बाई मासे मारते हे समाजात कळायला नको. म्हणून वाम मागच्या दारानं यायची, पिशवीत, वर भाजी टाकून.

पाहुणे बोटं चाटून रस्सा खायचे. विचारायचे, "एवढी ताजी वाम कुठून आणली गा?"

बाबा म्हणायचे, "बाजारातून."

आणि आत्याबाई आत चुलीपाशी बसून ऐकायची.

मी एकदा विचारलं, "तुला राग नाही येत?"

"येते नं. काहून नाही येणार? वाम मी मारते, अन् नाव बाजाराचं!"

मग म्हणाली, "मी मेली का सांगजो सगळ्याईले."

ती हसत होती. पण गंमत करत नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं.

आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. बाबांनी ठरवलं: खीर, वडे, कढी.

मी म्हटलं, "आणि वाम."

"डोकं ठिकाणावर हाय का? समाज येऊन राहिला घरी!"

आज सकाळी तिची गरी घेऊन मी नदीवर गेले. वाम काही लागली नाही. एक मरळ लागली, वीतभर. पाय चिखलात, हाताला खेकडा चावलेला, तशीच घरी आले. पुढच्या दारानं.

बाबा काही बोलायच्या आत आईनं ती माझ्या हातातून घेतली.

"दे इकडं. तुले रांधता कुठं येते."

आणि तिनं अंगणातली चूल पेटवली.

पानावर खीर, वडे, कढी आणि मरळीचा रस्सा. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. शेवटी माझ्या मामानं विचारलंच, "हे मासोळी कुठून आणली गा?"

बाबांनी तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"नदीवरून. मी मारली. अन् या घरात आजवर जेवढी वाम तुम्ही खाल्ली, ती सारी आत्याबाईनं मारली."

मामा हातातली पत्रावळ घेऊन तसाच उभा राहिला.

"मंग बाई होती तेव्हा काहून नाही सांगितलं? पाया पडलो असतो तिच्या."

बाबा उठून बाहेर गेले. संध्याकाळ झाली, अजून माझ्याशी बोललेले नाहीत. नका बोलू. मी पोस्ट डिलीट करणार नाही.

ग्रुपवाल्यांनो, हात जोडलेले इमोजी नकोत. ज्यांनी ज्यांनी आमच्या घरी वाम खाल्ली, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा, कशी होती. तिचं नाव घेऊन लिहा.

आत्याबाई, श्रद्धांजलीचे मोठे शब्द तुला सोसले नसते. माझा साधा नमस्कार घे.

उद्या पाणी उतरलं की मी नदीवर जाते आहे.