ओळंबा आन् सावली

परवा शिरूरला नातवाच्या बांधकामावर भिंत सरळ हाय का ते बघायचा माझा जुना ओळंबा हातात घेतला. दोरीला अजून चुन्याचा वास हाय. त्या वासानं मला दौंडजवळच्या एका शाळेच्या अंगणात नेलं.

तवा कॉलेजात नुकतेच लागलेले एक प्राध्यापक ग्रहतारे शिकवत गावोगाव फिरायचे. मे महिन्यातल्या एका दिवशी म्हणाले, "आज सूर्य बरोबर डोक्यावर येणार, भर दुपारी सावली नाहीशी होणार."

मी गवंडी, सारा जन्म उन्हात गेलेला. चारचौघांत म्हणालो, "झाली तर मिशी उतरवीन."

सरांनी अंगणात पाइप रोवला. सूर्य डोक्यावर आला तरी बोटभर सावली राहिलीच. माणसं हसली, सरांचा चेहरा उतरला. मी जिंकलो होतो. पण पाइप तिरका होता, आन् तिरकं काम मला बघवत न्हाई. ओळंबा लावून मीच तो सरळ केला. सावली पाइपाच्या बुडात गडप झाली.

"मिस्त्री, हरलात की."

"हरलो न्हाई सर. तुमचं काम दुरुस्त केलं."

मिशी मात्र उतरवली. तवा लाज वाटली होती, आता तीच गोष्ट मी मिशीवर ताव देऊन सांगतो. सर आता लई मोठे झालेत. तरी दर मे महिन्यात त्यांचा फोन येतो, "मिस्त्री, पाइप रोवतोय. ओळंबा घेऊन या."