छाटलेला खांब

आमची सात मजली इमारत पाडून वर्ष होत आलं, तरी बीड बायपासच्या चहाच्या हॉटेलांत तिच्यावरची चर्चा काही थांबत नाही. कुणी म्हणतं जागा हडपायला पाडली, कुणी म्हणतं एका बाईच्या हट्टापायी पाडली. ती बाई मी. तीस वर्षं तंत्रनिकेतनात पोरांना खांब आणि तुळयांचं गणित शिकवलं, आणि स्वतःच्या बिल्डिंगमध्ये मला कुणी हिंग लावून विचारलं नाही.

सुरुवात पहिल्या मजल्यावर झाली. तिथला फ्लॅट बियाण्यांच्या एका व्यापाऱ्यानं घेतला. त्याच्या दारासमोर, लॉबीत, एक खांब भिंतीच्या बाहेर आलेला होता. वास्तूवाल्यानं सांगितलं, दारासमोर खांब म्हणजे वेध, घरच्या कर्त्या माणसाला बाधतो. झालं. खांब हलवता येत नाही म्हणून यानं तो छाटला, पार भिंतीच्या रेषेत आणला. वरून संगमरवर बसवला आणि त्यावर गणपती. मी तेव्हा मुलीकडं नागपूरला होते. परत आले तर वास्तुशांतीच्या जिलेबीचा पुडा माझी वाट बघत होता. मी ती खाल्ली, आणि ती चांगली होती हेही कबूल करते.

खरा प्रकार कळला तो पंधरा दिवसांनी. जिन्याखाली मलब्याची पोती होती आणि त्यांतून कापलेल्या सळ्या डोकावत होत्या. नुसतं प्लास्टर काढलं तर सळ्या निघत नाहीत. मी तशीच त्याच्या दारात गेले.

"मॅडम, जरासा कोपरा काढलाय हो," तो म्हणाला. "एवढे खांब हायेत बिल्डिंगला. एकानं काय व्हतंय?"

माझ्या ओळखीच्या इंजिनिअरला आणलं. त्यानं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि उपाय सांगितला: खाली टेकू द्या, संगमरवर काढा, खांबाला नव्या सळ्या आणि काँक्रीटचं वेष्टण घाला, महिनाभराचं काम आहे. सोसायटीची मीटिंग बसली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सेक्रेटरींनी कॅलेंडर काढलं.

पितृपक्ष लागला होता, त्यात तोडफोड कशी करायची? नंतर नवरात्र, घरोघरी घट बसलेले. नंतर दिवाळी, पाहुणे येणार. नंतर व्यापारी म्हणाला, गणपती बसवलेली जागा आहे, उठवायचा तर मुहूर्त पाहिजे, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो नाही. पदवीधर माणसं होती सगळी. वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं त्या छाटून उरलेल्या खांबावर होतं आणि आम्ही त्याला तिथी विचारत होतो. मीही मीटिंगमधून पाय आपटत उठून आले, यापलीकडं काही केलं नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो फक्त इतरांवर नाही.

माझ्या बाजूनं बोलणारी एकटी आपा. ती दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या खांबाच्या डोक्यावर राहायची. तिच्या नवऱ्याचं शहागंजात कापडाचं दुकान. अठरा वर्षांचा आमचा शेजार. तिच्या धाकटीचा निकाह ठरला होता आणि मुलीला याच घरातून निरोप द्यायचा तिचा हट्ट होता. दिवाळीच्या आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरातल्या तुळईला बोट जाईल अशी भेग पडली. चौथ्या मजल्यावरचं माझं दार चौकटीत अडकायला लागलं. मग मात्र मी कुणाला न विचारता सरकारी कचेरीत अर्ज दिला. माणसं आली, त्यांनी ठोकून, भोकं पाडून पाहिलं, तर खालच्या बाकी खांबांचं काँक्रीटही कच्चं निघालं. आता दुरुस्तीनं भागत नव्हतं. इमारत रिकामी करा, पाडा, असा हुकूम आला.

त्या दिवसापासून अख्खा बायपास इंजिनिअर झाला. मोबाइलवर सुरुंग लावून टॉवर पाडल्याचे व्हिडिओ फिरू लागले. "सुरुंग लावल्याबिगर उंच बिल्डिंग अशी सरळ खाली बसतच नाय," सेक्रेटरी हॉटेलात छातीठोक सांगायचे. "पडली तर झाडावानी आडवी पडंल, आन् तेबी आधी वाकंल. आपली वाकली का?" मी सांगून पाहिलं, की खालचा एक खांब गेला की त्याचं ओझं शेजारच्यांवर जातं, तेही कच्चे असले की तेही जातात, मग वरचे मजले एकावर एक आदळत खाली येतात, आणि वाकायला त्यांना वेळच मिळत नाही. लोकांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

पाडकाम सुरू झालं. गल्ली अरुंद, मोठं मशीन आत येईना, म्हणून वरूनच फोडत खाली यायचं ठरलं. रोज बघ्यांची गर्दी. आठवडा झाला तरी एक मजला पुरता उतरला नव्हता. "बघा, किती मजबूत व्हती," लोक मला ऐकू जाईल असं बोलायचे. "उगंच घालवली." जपून, इंचाइंचानं फोडत होते म्हणून वेळ लागत होता. पण हे कुणाला सांगणार?

आठव्या दिवशी आपा आली. ती आता छावणी भागात दिराच्या दीड खोलीत राहत होती. निकाह हॉलमध्ये उरकला होता. माझ्याशेजारी उभी राहून बराच वेळ तिनं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, सच्ची बोलो. गिरनेवाली थी ना?"

तिनं असं विचारावं, हे मला फार लागलं. मी हो म्हणाले. कधी पडली असती ते सांगता येत नाही, उद्या किंवा दहा वर्षांनी, हे मात्र बोलले नाही. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

तेव्हा मला मनापासून वाटलं, ही इमारत आत्ता, या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, धाडकन खाली बसावी. आपानं बघावं, सेक्रेटरींनी बघावं. श्वास रोखून मी पहिल्या मजल्याकडं, तो खांब होता त्या बाजूला बघत राहिले. आणि वर सातव्या मजल्यावर चार माणसं घण मारत होती.