कमरुन्निसाचं शेवटचं पान

सहा वर्षांत कमरुन्निसानं अकरा खून केले आणि अकराही वेळा शेषेरावानं तिला पकडलं. खून कागदावरचे, म्हणून बाई अजून नांदेडात नवऱ्याच्या बाइंडिंगच्या दुकानात सुखानं बसून आहे. पण पकडलं जाण्याची लाज काही कागदावरची नसते हो. ती घरी येते, जेवायला बसते, उशाशी झोपते.

नांदेड-लातूर मिळून रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं एक मंडळ आहे, मागमूस मंडळ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी जमतात. कधी लातूरला शिवांगीच्या क्लासमध्ये, कधी नांदेडला फारूकच्या, म्हणजे कमरुन्निसाच्या नवऱ्याच्या, दुकानात. शिवांगी पोरांना फिजिक्स शिकवते. तिच्या कथेत माणूस गच्चीवरून पडला की रडारड नंतर, आधी त्याचा वेग निघतो. गुरुपादप्पाचं उदगीरला औषधांचं दुकान आहे. त्याच्या कथेत विषाशिवाय कुणी मरत नाही, आणि विषही कसं, पावतीसकट. शेषेराव हदगावकडचा शेतकरी, कापूस-सोयाबीनवाला, मंडळाचा अध्यक्ष. बांधावर बसून वाचून वाचून माणसाची नजर अशी तयार झालेली की एसटीत शेजारी बसलेला पाहुणा कुणाशी भांडून आला हे तो तिकीट काढायच्या आत सांगेल.

नियम त्याचाच. लेखकानं कथा मोठ्यानं वाचायची आणि शेवटच्या पानाशी थांबायचं. मग प्रत्येकानं खुन्याचं एकच नाव सांगायचं. एकाचं जरी बरोबर आलं तरी वही मिटायची. शेवटचं पान वाचायचंच नाही. ज्याचं शेवटचं पान वाचलं गेलं, त्याचीच कथा वर्षाअखेरीला मंडळाच्या जाडजूड पुस्तकात जाते. त्या पुस्तकाला सगळे पोथी म्हणतात.

आणि ती पोथी शिवायची कुणी? कमरुन्निसानं. सहा वर्षं, सहा पोथ्या. गुरुपादप्पाची विषं तिनं शिवली, शिवांगीच्या गच्च्या शिवल्या, स्वतःची एक ओळ नाही. सगळ्या पंगतीला वाढून आपण उपाशी उठावं, तशी गत. जीव किती जळत असेल, सांगा बरं.

ती मूळची भोकरची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली, मग लग्न होऊन नांदेडला आली. लायब्रऱ्यांची फाटकी पुस्तकं फारूककडे दुरुस्तीला यायची, त्यात रहस्यकथाच जास्त, कारण त्याच जास्त फाटतात. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करून पुन्हा शिवायचं काम तिच्याकडे. फारूकच्या दुकानाची रीत अशी की शिलाई शेवटच्या फर्म्यापासून. त्यामुळं बाईला खुनी आधी कळायचा, खून नंतर. मग ती उलटी उलटी वाचत जायची आणि हा मेला पहिल्या पानावर कसा सोज्वळ बनून बसलाय ते बघून एकटीच खुदखुदायची. पुढून वाचणाऱ्याला लेखक गंडवतो; मागून वाचणाऱ्याला लेखकाची सगळी चोरी दिसते. वीस वर्षं चोऱ्या बघितल्यावर तिला वाटलं, आपणही एक करावी.

कथा ती झकास रचायची. तरी शेषेराव पकडायचाच. मागच्या दिवाळीत तिनं न राहवून विचारलं, "शेषेरावभाऊ, वळखता कसं तुम्ही?"

"भाभी, त्याला काय अक्कल लागती व्हय? तुम्ही ज्याला चहा पाजता, त्यो खुनी."

घरी येऊन तिनं अकराही वह्या काढल्या. खरंच की! अकरा खुनी, अकरा जणांना चहा. एकाला सोबत खारी, आणि त्या मुखेडच्या विधुराला तर शीरखुर्मा. शेवटी त्याला बेड्या पडणार हे तिला आधीपासून ठाऊक असायचं, त्यामुळं जीव कळवळायचा आणि हात आपोआप किटलीकडे जायचा. तिनं कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटली.

बाराव्या कथेला मात्र तिनं मन घट्ट केलं. खुनी उपाशी राहील. एकोणीस पानं राहील. लिहिता लिहिता दोनदा तिनं फारूकला विचारलं, "एक बिस्कुट दे दूँ क्या उसकू?" फारूकला कथांचं काही सोयरसुतक नाही. तो म्हणाला, "किसकू?" आणि कागद मोजत राहिला.

वाचनाचा रविवार दुकानातच आला. पुढं मंडळी सतरंजीवर, मधे पडदा, मागं फारूकचं कटिंग मशीन खटाखट चालू. कमरुन्निसानं वही उघडली.

कथा इस्लापूरची. एक म्हातारा वनरक्षक शुक्रवारी घरात मेलेला सापडतो. संशय येतो धबधब्याचे फोटो काढायला आलेल्या फोटोग्राफरवर. तो शपथेवर सांगतो, मी या घरात जन्मात पाऊल टाकलेलं नाही. शेजारची शंभरीची नानीमाँ मात्र त्याच्याकडे बोट दाखवते, "परसों आया था ये." परसों म्हणजे परवा, परवा म्हणजे बुधवार. आणि बुधवारी फोटोग्राफर लातूरला लग्नात, तीनशे वऱ्हाडी साक्षीला. म्हातारीला भ्रम झाला म्हणून पोलीस त्याला सोडून देतात. उरतो गावातला कंपाउंडर. त्याला कमरुन्निसानं चहा पाजला. आलं घालून, दोन कप.

दुसऱ्या कपाला शेषेरावाच्या मिशा हलल्या. शेवटच्या पानाशी ती थांबली तेव्हा तो आधीच पाय पसरून बसला होता.

"कंपाउंडर," तो म्हणाला. "भाभी, वही मिटा."

कमरुन्निसानं वही मिटली नाही. शिवांगीनं वनरक्षकाच्या पुतण्याचं नाव घेतलं. गुरुपादप्पानं विष नाही म्हणून नाराजीनंच कुणाचं तरी घेतलं. बाकीचे अध्यक्षांच्या मागं कंपाउंडरवर गेले. फोटोग्राफर कुणाच्या गावीही नव्हता. बाईच्या छातीत असं काही धडधडू लागलं की तिला वाटलं, मशीनच्या आवाजातही हे ऐकू जाईल. आणि तिनं शेवटचं पान वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं.

खुनी फोटोग्राफरच. नानीमाँचं परसों म्हणजे बुधवार नव्हताच; तिच्या बोलीत परसों म्हणजे मागं कधीतरी. वीस वर्षांपूर्वी तो त्या घरात राहून गेला होता, वनरक्षकाशी वैर करून गेला होता. म्हातारी खरं बोलत होती आणि खोटा होता तोच, जन्मात पाऊल न टाकलेला.

 मग जो गलका झाला! शिवांगी टाळ्या पिटत होती, गुरुपादप्पा कानडीत काहीतरी पुटपुटत होता, आणि शेषेराव तांबडालाल.

"ही फसवणूक हाय! परवा म्हंजे परवा. पोथीत न्हाई जायाची ही कथा."

"पान तीन बघा," कमरुन्निसा म्हणाली. "नानीमाँ काय म्हणते? परसों इथं पूल नव्हता. आणि त्या पुलाच्या कठड्याला शेवाळ चढलंय. तुम्ही सगळे हसलात तिथं."

शेषेरावानं वाकून पान तीन बघितलं. पण अध्यक्ष तो अध्यक्ष. "शेवाळाचं ऱ्हाऊ द्या. म्हातारी तुमची, तिची जीभ तुमची. जितंजागतं माणूस असं बोलतं का, ते दाखवा. न्हाईतर कथा बाद."

कमरुन्निसानं वही छातीशी धरली. आपल्या घरात सगळे असंच बोलतात, हे सांगून कोण मानणार? आरोपीची साक्ष आरोपीच देणार होय? सहा पोथ्या तिच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मागचं मशीन थांबलं. शेषेरावाला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं सगळ्यांना बोटानं गप्प केलं आणि पडद्याकडे तोंड करून सहज विचारल्यासारखं विचारलं, "फारूकभाई, तुमचं लगीन कधी झालं हो?"

"परसोंच तो हुई शादी," आतून फारूक म्हणाला.

"लेकरं किती?"

"तीन."

"आन नातवंडं?"

"लायबा है ना. दूसरी में गई इस साल."

दुकान हसून हसून आडवं झालं. शिवांगीला ठसका लागला. शेषेराव डोळे पुसत म्हणाला, "परवा लगीन, आन आज नात दुसरीत. हरलो, भाभी. जिंकल्या तुम्ही आज. पहिली कथा तुमचीच लावा पोथीत."

हे ऐकायला ती सहा वर्षं थांबली होती, आणि तिला ते धड ऐकूही आलं नाही. छत्तीस वर्षं झाली होती लग्नाला. तीन बाळंतपणं, दोन घरं, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, हजारो पुस्तकं. आणि या माणसानं न मोजता सगळं एका शब्दात घातलं होतं. इतका आनंद तिला बाराव्या कथेचाही झाला नव्हता. वही तशीच छातीशी धरून ती पडद्याआड गेली.

"सच्ची? परसों लगता तुमकू?"

बायको अशी समोर येऊन उभी राहिलेली बघून फारूक गडबडला. हातातला कागद खाली ठेवून त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा मोजलं.

"नहीं क्या?" तो दबकत म्हणाला. "तो फिर कल हुई होगी."